झाकली मूठ : अकर्लॉफ यांच्या एका निबंधाचें परीक्षण

बैलबाजारांत थोडा वेळ उभें राहिलें तर एक गोष्ट कोणाच्याहि ध्यानांत येईल. गिऱ्हाईक बैलाचे दांत मोजतें, खांदा दाबून पाहतें, चार पावलें चालवून घेतें; आणि ही सर्व परीक्षा यथासांग पार पडल्यावर मालकाच्या तोंडाकडे पाहून विचारतें, "बैल इतका गुणी, तर विकतोस कशाला?" या प्रश्नास चांगलें उत्तर नाहीं. मुलीचें लग्न म्हणा, वैरणीची टंचाई म्हणा, जोडीचा बैल मेला म्हणा. कारण कितीहि खरें असलें तरी ऐकणारा मनांतल्या मनांत किंमतींतून कांहीं रुपये वजा करतोच. बैल औताला बसतो कीं काय, अंगावर येतो कीं काय, हें ज्यानें त्याला चार हंगाम जुंपला त्यालाच ठाऊक. आणि ज्याला ठाऊक आहे तोच विकावयास निघाला आहे, ही गोष्टच मुळीं गिऱ्हाइकाला बोलकी वाटते.

या एका प्रश्नांत जें शास्त्र दडलेलें आहे तें ग्रंथनिविष्ट व्हावयास १९७० साल उजाडावें लागलें. त्या वर्षींच्या ऑगस्ट महिन्यांत हार्वर्ड विद्यापीठाकडून निघणाऱ्या अर्थशास्त्राच्या त्रैमासिकांत जॉर्ज अकर्लॉफ या अमेरिकन पंडिताचा अवघा तेरा पृष्ठांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या मथळ्याचा शब्दशः अर्थ 'लिंबांचा बाजार' असा होतो. अमेरिकेंतील बोलींत नादुरुस्त निघालेल्या मोटारीस लिंबू म्हणतात. आमच्याकडे लिंबाची अशी अपकीर्ति नाहीं. तें सरबतास व दृष्ट काढावयास उपयोगी पडतें. मराठींत या कल्पनेस नेमका शब्द हवा असेल तर तो 'खोड' हाच होय, व तो आमच्या शेतकऱ्यांनीं शेंकडों वर्षें याच अर्थानें वापरला आहे. प्रस्तुत लेखांत आम्ही तोच वापरूं.

निबंधाच्या प्रकाशनाची हकीकत मोठी मनोरंजक आहे. तो प्रथम तीन नामांकित नियतकालिकांनीं परत पाठविला. दोघांच्या मतें त्यांतील विचार फार क्षुल्लक होता. तिसऱ्याच्या मतें तो खरा मानला तर अर्थशास्त्रच निराळें होईल, म्हणून तो खरा असणें शक्य नव्हतें! एकच वस्तु एकाच वेळीं क्षुल्लकहि असावी व प्रलयकारीहि असावी, असा योग वाङ्मयाच्या क्षेत्रांतहि क्वचितच येतो. २००१ सालीं स्पेन्स व स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत अकर्लॉफ यांस नोबेल पारितोषिक मिळालें, तें मुख्यतः या तेरा पृष्ठांच्या बळावर.

निबंधांतील युक्तिवाद बैलांच्या भाषेंत मांडतां येतो. समजा, बाजाराच्या टापूंत असे बैल आहेत कीं त्यांची त्यांच्या मालकांस वाटणारी किंमत शून्यापासून चाळीस हजारांपर्यंत सारखी पसरलेली आहे. गिऱ्हाइकास बैलाची गरज अधिक, म्हणून प्रत्येक बैल त्याला मालकाच्या दीडपट मोलाचा वाटतो. अर्थात् प्रत्येक बैलाचा सौदा दोघांच्याहि फायद्याचा आहे. आतां भाव ३०,००० पुकारला गेला. त्या भावानें विकावयास कोण येईल? ज्याचा बैल तीस हजारांच्या आंतला आहे तोच. त्या बैलांची सरासरी १५,०००. तिची दीडपट २२,५००. गिऱ्हाईक तीस हजार कां देईल? तें २२,५०० म्हणतें. ऐकतांच त्याहून चांगल्या बैलांचे मालक कासरा धरून घरीं परततात. उरलेल्यांची सरासरी ११,२५० वर येते व गिऱ्हाईक १६,८७५ वर उतरतें. अशा रीतीनें भाव पायरी पायरीनें उतरत जातो व शेवटीं बाजारांत कोणी उरत नाहीं. कोणी खोटें बोललें नाहीं, कोणी कोणास लुबाडलें नाहीं, तरी बाजार मोडला! वाईट नाणें चांगल्या नाण्यास हांकून देतें, या जुन्या सिद्धांताचा अकर्लॉफ यांनीं येथें उल्लेख केला आहे. परंतु त्यांतील भेदहि त्यांनीं दाखविला आहे. नाण्यांच्या बाबतींत खरें-खोटें दोघांनाहि कळतें, येथें एकालाच कळतें.

हा युक्तिवाद बिनतोड आहे, व तो इतक्या साध्या गणितांत बसविला आहे कीं वाचणाऱ्यास तो आपल्यालाच सुचला होता असा भास व्हावा. आमचा आक्षेप निराळ्या ठिकाणीं आहे. निबंधांतील सर्व पात्रांना एकदां जें कळलें तेवढेंच कळतें. पुढें कोणी शिकत नाहीं. विकणारा मात्र पडद्यामागें शिकून आलेला असतो. मोटार कांहीं काळ वापरल्यावर मालकास तिचे गुणदोष कळतात, असें अकर्लॉफ स्वतःच सांगतात. म्हणजे एका बाजूचें शिकणें हेंच या अनर्थाचें मूळ होय. मग दुसऱ्या बाजूनें शिकावयाचें नाहीं काय? हमी, नांवाजलेला छाप, परवाने इत्यादि उपाय त्यांनीं शेवटच्या पानांत मोजून दाखविले आहेत खरे, पण ते एखाद्या औषधांच्या यादीसारखे उभ्याउभ्या उरकले आहेत.

याचें उत्तम उदाहरण म्हणजे तांदळांतील खडे. १९६७-६८ चें वर्ष अकर्लॉफ यांनीं दिल्लींत काढलें, आणि निबंधाच्या हिंदुस्थानविषयक भागांत ते लिहितात कीं, येथील गृहिणीस बाजारच्या तांदळांतून त्याच रंगाचे व आकाराचे, मुद्दाम मिसळलेले खडे निवडून काढावे लागतात. निरीक्षण अचूक आहे. परंतु सुपांत तांदूळ घेऊन बसलेली ती बाई नुसती खडे निवडीत नसते. कोणत्या दुकानाच्या तांदळांत किती खडे निघाले याची ती मनांत नोंद ठेवीत असते, व दुपारीं शेजारणीजवळ ती नोंद बोलून दाखवीत असते. वाण्याची पत अशा सुपांवर ठरते. कौटिल्याच्या काळापासून राजानें खोट्या मालास दंड सांगितला आहे. पण दंड करणारा अधिकारी कधीं काळीं येणार, सूप मात्र रोजचें. अकर्लॉफ यांना खडा दिसला, सूप दिसलें नाहीं.

सावकारीचें प्रकरण याहून गंभीर आहे. खेड्यांतील सावकार पेढीपेक्षां कितीतरी पट व्याज घेतो. मग पेढीकडून पैसा काढून खेड्यांत कमी व्याजानें देणारा कोणी पुढें कां येत नाहीं? अकर्लॉफ उत्तर देतात कीं, कोण फेडील व कोण बुडवील हें सावकारास ठाऊक असतें. परक्यानें स्वस्त कर्ज देऊं केलें तर त्याच्या पदरांत बुडव्येच पडतील. हें बरोबर आहे, व पंजाबच्या सावकारीविषयीं डार्लिंग यांनीं लिहिलेल्या ग्रंथाचा आधारहि त्यांनीं घेतला आहे. पण दख्खनचा इतिहास त्यांच्यासमोर असता तर त्यांस हें चित्र एकांगी वाटलें असतें. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें दंगा उसळला व आसपासच्या गांवांत पसरला. दंगेखोरांनीं सावकारांच्या जिवाला फारसा धक्का लावला नाहीं. त्यांनीं मागितले ते कर्जरोखे, आणि जाळले तेहि कर्जरोखे. कां? कारण शेतकऱ्याच्या अंगीं काय आहे हें सावकारास ठाऊक होतें, परंतु कागदांत काय आहे हें अंगठा उठविणाऱ्या शेतकऱ्यास ठाऊक नव्हतें. येथें खाजगी ज्ञान कर्ज घेणाराजवळ नसून देणाराजवळ होतें. आणि तें धुक्याप्रमाणें आपोआप पडलेलें नव्हतें, चोपडींत बांधून ठेवलेलें होतें. १८७९ च्या कायद्यानें शेतकऱ्यांचे दस्तऐवज सरकारनें नेमलेल्या निबंधकापुढें व्हावेत व न्यायाधीशानें रोख्यामागें जाऊन देण्याघेण्याचा मूळ हिशेब तपासावा असें ठरविलें, तें या गांठोड्याची गांठ सोडविण्यासाठींच.

येथपर्यंत मालाचा किंवा माणसाचा गुण झाकलेला होता. आमच्याकडील बाजारांनीं याच्याहि पलीकडे जाऊन खुद्द भावच झाकण्याची युक्ति काढली. हत्ता पद्धत ज्यांनीं पाहिली असेल त्यांस ती सांगावयास नको. अडत्या व खरीददार उपरण्याखालीं हात घालतात, बोटें दाबतात, मान हलते, आणि सौदा होतो. गाडीभर कापूस घेऊन आलेला शेतकरी तीन हातांवर उभा असतो. त्याला उपरणें दिसतें. दुसऱ्या खरीददारानें किती देऊं केलें, शेजारच्या गाडीस काय मिळालें, हें त्याला कळत नाहीं. मग तोलाई, हमाली व धर्मादाय कापून जें हातावर पडेल तो भाव! आपल्या कापसाची प्रत त्याला पक्की ठाऊक असते. म्हणजे अकर्लॉफ यांच्या हिशेबानें तो ज्ञानी पक्ष. तरी नागवला जातो तोच. पुढच्या वर्षीं अधिक शहाणा होऊन यावें तर त्याला शिकावयास भावच दिसलेला नसतो. वऱ्हाडांत १८९७ सालीं कापूस व धान्याच्या बाजारांचा कायदा झाला, मुंबई इलाख्यांत १९२७ सालीं कापूस-बाजारांचा झाला, १९२८ च्या शेती कमिशननें वऱ्हाडच्या धर्तीवर नियंत्रित बाजारांची शिफारस केली, आणि पुढें उपरणें दूर सारून उघड लिलाव आला. मोकळेपणीं पुकारलेला भाव हें शेतकऱ्याचें पहिलें पाठ्यपुस्तक होय, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

तथापि सर्व कांहीं उघड केलें कीं भागलें, असें मानणारा जो भोळा पक्ष आहे त्यानें डेन्मार्कची एक गोष्ट ऐकावी. १९९३ सालीं तेथील स्पर्धा-नियामक सरकारी खात्यानें तयार काँक्रीटचे प्रत्यक्ष सौद्यांतील भाव छापून प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. हेतु असा कीं गिऱ्हाइकांनीं ते वाचावेत व घासाघीस करावी. झालें उलटेंच. एका वर्षाच्या आंत भाव १५ ते २० टक्क्यांनीं चढले. कारखानदार मोजके, पूर्वीं एखादा गुपचुप सवलत देई, ती आतां छापील तक्त्यांत इतरांस दिसूं लागली, आणि दिसूं लागल्यावर ती देण्यांत कोणास राम वाटेना. भाव उघडे झाले, पण त्यांतून शिकले ते विकणारे. आमच्या लिलावाच्या ओट्यावरहि पांच-सहाच व्यापारी असले तर शेतकऱ्याप्रमाणें तेहि एकमेकांची बोली ऐकतात. आणि कोण जास्त बोलला हें सर्वांच्या ध्यानांत राहतें. उपरण्याखालीं निदान एखाद्यास चोरून चार रुपये जास्त देतां येत होते! हें आम्ही हत्त्याची तरफदारी म्हणून लिहीत नाहीं. ओट्यावर पांच व्यापारी असतात कीं पंचवीस, यावर उघड्या भावाचा उपयोग कोणास होणार हें ठरतें, एवढेंच आमचें म्हणणें. आणि खरीददारांची संख्या न वाढवितां नुसता भोंगा लावून लिलाव पुकारणाऱ्या बाजार-समित्यांनीं त्याचा विचार करावा.

अकर्लॉफ यांच्या निबंधांत या गोष्टी नाहींत. तेरा पृष्ठांत त्या नसाव्यात याबद्दल दोष देणें अन्यायाचें होईल, आणि त्यांतील कित्येकांवर पुढील पिढीच्या पंडितांनीं ग्रंथच्या ग्रंथ लिहिले आहेत. आमची तक्रार त्या ग्रंथांविषयीं अधिक आहे. मूळ निबंधांत मोटार आहे, तांदूळ आहे, सावकार आहे. विमा मागणारा म्हातारा आहे, ज्याला वयाच्या पासष्टीनंतर कोणत्याहि हप्त्यानें विमा मिळणें कठीण होतें. उत्तरकालीन ग्रंथांत बहुधा 'पक्ष क' व 'पक्ष ख' तेवढे उरतात. ज्या वाचकास गणिताचें भय वाटत असेल त्यानें मूळ निबंधांतील बीजगणिताचीं दोन-अडीच पानें खुशाल सोडावींत व बाकीचीं सावकाश वाचावींत. इंग्रजी सोपें आहे. आणि कोणी त्याचें मराठी करावयास बसलाच, तर त्यानें लिंबें अमेरिकेंतच ठेवावींत व बैलबाजारांत एक फेरी मारून मग लेखणी उचलावी.