नाव झाकून लिहिलेली कथा

पहिली पाळी सुटली की मी नवी पेठेत रद्दीच्या दुकानात पुस्तकं चाळतो. तिथं जयंत नारळीकरांचं 'यक्षांची देणगी' हाती लागलं. वाटलं, ताऱ्याबिऱ्यांशी आपल्याला काय करायचंय? पण वाचायला घेतलं आणि सुटलं नाही.

१९७४ सालची गोष्ट. केंब्रिजला शिकलेला, १९६५ लाच पद्मभूषण मिळालेला हा माणूस मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत उतरला. नाव लावलं नारायण विनायक जगताप. स्वतःची आद्याक्षरं उलटी केली. का? तर नाव बघून परीक्षकांनी भुलू नये. 'कृष्णविवर' कथेला पहिलं बक्षीस मिळालं. पुढं २०१४ ला साहित्य अकादमी, २०२१ ला नाशिकच्या संमेलनाचं अध्यक्षपद. मे २०२५ मध्ये ते पुण्यात वारले.

मला या सगळ्या मानापेक्षा ते खोटं नाव मोठं वाटतं. आणि तेच टोचतं. त्यांनी नाव झाकलं, कारण नावानं फुकटचा मान मिळाला असता. आपण झाकतो, कारण नाव कळलं की खोली मिळत नाही. मला एका घरमालकानं भाडं सांगायच्या आधी आडनाव विचारलं. बक्षीस मिळाल्यावर नारळीकरांनी 'जगताप' खुंटीला टांगला. आपण आपलं नाव कुठं टांगायचं?

त्यांची 'धूमकेतू' कथा मात्र आपली आहे. पृथ्वीवर आदळणारा धूमकेतू शास्त्रज्ञ वळवतात, आणि घरात श्रेय जातं यज्ञाला! आमच्या खात्यात खंडेनवमीला हार यंत्राला पडतो, घाम गाळणारा बाजूला उभा. नारळीकर नुसतं लिहून थांबले नाहीत. २००८ मध्ये दाभोलकरांना बरोबर घेऊन त्यांनी ज्योतिषांची परीक्षा घेतली, तीही नावं झाकलेल्या कुंडल्यांवर. २७ ज्योतिषांची उत्तरं ४६ टक्के बरोबर आली. नाणं उडवलं तरी एवढं येतं.

पण एक भांडण आहे. मी वाचलेल्या त्यांच्या कथांत अंतराळात जाणारी माणसं जात घेऊन जात नाहीत. मग ती कुठं ठेवून जातात? त्या उद्याच्या जगात गटारात कोण उतरतं? हे त्यांनी विचारलं नाही.

ते आपण विचारायचं. उद्याच्या जगाची कथा आपणही लिहायची. आणि खाली आपलं पुरं नाव घालायचं, आडनावासकट.