मूलद्रव्यांच्या चिन्हांचे भाषिक मूळ

सोडियमचे ‘एनए’, पोटॅशियमचे ‘के’, टंगस्टनचे ‘डब्ल्यू’ ही चिन्हे रसायनशास्त्राच्या अध्यापनात ‘अपवाद’ म्हणून सांगितली जातात; ती लॅटिन नावांवरून आली, एवढ्यावर विवेचन संपते. हे विवेचन दोन्ही अंगांनी अपुरे आहे.

एक तर, लॅटिन हा येथे पुष्कळदा केवळ पेहराव आहे. स्वीडिश रसायनज्ञ बर्झेलियस याने १८१३-१४ मध्ये लॅटिन नावांची आद्याक्षरे चिन्हे म्हणून योजिली, कारण ती विद्वानांची सामाईक भाषा होती. परंतु ‘कालियम’चे मूळ वनस्पतींच्या राखेला उद्देशून योजिलेल्या अरबी शब्दात आहे. पाऱ्याचे ‘हायड्रार्जिरम’ हे नाव मूळचे ग्रीक, ‘जलरूप चांदी’ अशा अर्थाचे. ‘वोल्फ्राम’ तर जर्मनच.

दुसरे असे की, हे अपवाद भाषासापेक्ष आहेत. जर्मन भाषेत सोडियमला ‘नाट्रियम’ व पोटॅशियमला ‘कालियम’च म्हणतात, तेथे विसंगती उरत नाही.

मराठी विद्यार्थ्याची अडचण याहून निराळी आहे. खतांच्या संदर्भात ‘एन, पी, के’ म्हणजे नत्र, स्फुरद व पालाश. मराठी नावांशी ‘पी’ आणि ‘के’ सारखेच विसंगत. तरीही अपवाद म्हणून गणला जातो तो ‘के’ एकटाच. उलट ‘नत्र’ म्हणजे नायट्रोजन आणि ‘नाट्रियम’ म्हणजे सोडियम, हा खरा चकवा मात्र अनुल्लेखित राहतो. वस्तुतः ‘नायट्रोजन’ व ‘नाट्रियम’ ही दोन्ही नावे ‘नित्रॉन’ या क्षारवाचक ग्रीक शब्दापर्यंत पोचतात.

तात्पर्य, चिन्हे सार्वत्रिकच राहावीत; अपवादांची यादी मात्र मराठीच्या दृष्टीने नव्याने सिद्ध व्हावी.