परीक्षक जेव्हा स्वतःचीच रचना ऐकायला सांगतो

१९९५ साली बीबीसीच्या ‘रेडिओ थ्री’ने कार्लहाइन्झ स्टॉकहाउझेन या जर्मन संगीतकाराकडे चार तरुणांच्या इलेक्ट्रॉनिक रचनांच्या ध्वनिफिती पाठवल्या आणि त्यांवर अभिप्राय मागितला. स्टॉकहाउझेन तेव्हा साठी ओलांडलेले. या संगीतप्रकाराच्या आद्य प्रवर्तकांत त्यांची गणना होत होती. चौघांपैकी एफेक्स ट्विन, प्लॅस्टिकमन आणि स्कॅनर ही टोपणनावे. चौथा डॅनियल पेंबर्टन हा जेमतेम अठरा वर्षांचा; त्याच्या पहिल्या ध्वनिसंग्रहाचे नावच ‘बेडरूम’. ‘द वायर’ या इंग्लंडमधील मासिकाने हे अभिप्राय, तरुणांच्या प्रत्युत्तरांसह, त्याच वर्षी छापले. स्पर्धेचा परीक्षक कसा असावा, याचा विचार करताना हे प्रकरण आम्हांला फार उद्बोधक वाटते.

चौघांनाही दिलेला सल्ला एकाच साच्याचा आहे : माझी अमुक रचना ऐका. प्लॅस्टिकमनला ‘त्सिक्लुस’, स्कॅनरला ‘हिम्नेन’, पेंबर्टनला ‘कोंटाक्टे’. गुरूने शिष्याला आपली चीज ऐकवावी यात गैर काही नाही. परंतु ज्याने शिष्यत्व पत्करलेलेच नाही, त्याच्यापुढे ही शिफारस आत्मस्तुतीसारखी वाटते.

त्यातल्या त्यात स्कॅनरला मिळालेला अभिप्राय आम्हांला खरा मोलाचा वाटतो. हा गृहस्थ हवेतून पकडलेली दूरध्वनीवरील संभाषणे आपल्या रचनांत वापरीत असे. सामान्यतः संगीतात न येणाऱ्या ध्वनींचा हा शोध घेतो आहे, वातावरणाची त्याला जाण आहे, पण सापडलेले द्रव्य तो फार कच्चे ठेवतो, त्यावर अधिक संस्कार करायला हवेत, असे स्टॉकहाउझेन सांगतात. येथे परीक्षकाने आधी कान दिला आहे आणि मग पुढची पायरी दाखवली आहे. दुसऱ्या दिवशी यंत्रापुढे बसताना हाती काही घेऊन बसता येईल, असे हे बोल आहेत.

एफेक्स ट्विनच्या बाबतीत मात्र तोल गेला. आफ्रिकी वळणाच्या त्या पुनरावृत्ती सोड, गती व लय सतत बदलती ठेव, आणि त्यासाठी माझे ‘गेझांग डेर युंगलिंग’ ऐक, असा त्याला उपदेश. १९५६ साली कोलोन येथे प्रथम सादर झालेली ही सुमारे तेरा मिनिटांची रचना, म्हणजे ‘तरुणांचे गीत’. बाबेलच्या धगधगत्या भट्टीत टाकलेल्या तीन तरुणांचे दानिएलच्या तिसऱ्या अध्यायातील स्तोत्र त्यात एका बालकाच्या आवाजात येते. रविवारच्या प्रातःप्रार्थनेत आम्ही धर्मगुरू जे म्हणतो, तेच हे स्तोत्र. आता या स्तोत्राचा प्राण कोणता? सूर्य, चंद्र, पाऊस, दहिवर, एकेका सृष्ट वस्तूला हाक मारायची आणि दर वेळी तेच स्तुतीचे आवाहन करायचे. पुनरावृत्तीवर उभे असलेले काव्य निवडणाराच दुसऱ्याच्या पुनरावृत्तीला दोष देतो, हे गमतीचे आहे. स्टॉकहाउझेन म्हणतील की आपण शब्दांची अक्षरे फोडली, स्वर बदलले, तसेच्या तसे काही परत आणले नाही. हा भेद आम्हांला मान्य आहे. परंतु मग लितानियेचे काय? तेथे नाव बदलते, उत्तर अक्षरशः तेच राहते, आणि तेच राहते म्हणूनच शे-दोनशे माणसे एका श्वासात ते म्हणू शकतात. तारप्याच्या सुरावर रात्रभर फेर धरणारे आपले वारली बांधव लय दर घडीला बदलू लागले, तर पाऊल कुठे ठेवतील? एफेक्स ट्विननेही उलट हेच सुनावले : त्यांनी माझे ‘डिजरिडू’ ऐकावे, ज्यावर नाचता येत नाही असे आकृतिबंध रचणे सोडावे. उत्तर उद्धट खरे, पण मुद्दा बिनतोड.

आपल्या धर्मग्रामातील गीतस्पर्धेत एखादा मुलगा संगणकावर बांधलेला तुकडा घेऊन आला, तर ‘आधी पेटी शिक’ एवढा शेरा लिहून परीक्षकाने मोकळे होऊ नये. रचना नाचासाठी आहे की ध्यानासाठी, हे त्याला विचारावे आणि त्या हेतूने ती कोठे उणी पडली, ते दाखवावे.

पेंबर्टनला ध्वनीच्या वेटोळ्यांची फार आवड आहे, असे स्टॉकहाउझेन म्हणाले होते. १९५२ साली पॅरिसमध्ये तरुणपणी आपणही त्याच वाटेने गेल्याचे त्यांनी सांगितले. ती आवड पेंबर्टनने सोडली नाही. २०१८ सालच्या ‘स्पायडर-मॅन : इंटू द स्पायडर-व्हर्स’ या चित्रपटासाठी त्याने वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलेले संगीत तबकड्यांवर उतरवले आणि त्या तबकड्या मागेपुढे घासून पुन्हा ध्वनिमुद्रित केल्या.