रणगाडा, चिखलणी आणि चार वर्षांचे अनुदान

अहिल्यानगरच्या (पूर्वीचे अहमदनगर) रणगाडा संग्रहालयात शाळेची सहल नेलेले शिक्षक आपल्यात पुष्कळ असतील. १९९४ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात देशोदेशीचे रणगाडे मांडून ठेवले आहेत. आमची त्र्यंबकेश्वर तालुक्यातली मुले तिथे गेली, तेव्हा तोफांच्या लांबीची चर्चा बराच वेळ चालली. मग १९६५ च्या युद्धातल्या पॅटन रणगाड्यासमोर उभी राहून सातवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, हा आमच्या भाताच्या खाचरात घातला तर रुतणार नाही का?"

प्रश्न साधा आहे, पण तो फार दूरवर जातो. १९६५ च्या सप्टेंबरात खेमकरणजवळ असल उत्तर येथे पाण्याने भरलेल्या शेतांत कितीतरी पॅटन रुतले आणि आपल्या सैन्याच्या माऱ्यात सापडले. म्हणजे मुलीची शंका इतिहासाने आधीच खरी करून दाखवली होती.

आता थोडे गणित करू या. अर्जुन रणगाड्याच्या पहिल्या आवृत्तीचे वजन सुमारे ५८.५ टन आहे. हे वजन दोन रुंद पट्ट्यांवर पसरत असल्याने जमिनीवरचा सरासरी दाब दर चौरस सेंटिमीटरला फक्त ०.८५ किलोच्या आसपास येतो. चारशे किलोचा बैल घ्या. त्याच्या एका खुराचे क्षेत्रफळ ऐंशी चौरस सेंटिमीटर धरले, तर चारी पायांवर उभा असतानाही दाब सव्वा किलोवर जातो. चालताना तर तो आणखी वाढतो. म्हणजे बैलाचा खूर जमिनीला रणगाड्यापेक्षा जास्त दाबतो. मुलांना हे फळ्यावर करून दाखवा. त्यांचा आधी विश्वास बसत नाही.

मग बैल खाचरातून निघतो आणि रणगाडा अडकतो, असे का? बैल पाय उचलून पुढे टाकतो. रणगाड्याची पट्टी चिखल मागे ढकलून पुढे सरकते. चिखलाने तो धक्का सोसला नाही, तर पट्टी जागच्या जागी फिरते, रणगाडा खाली बसतो आणि त्याचे पोट जमिनीला टेकते. शिवाय ओली चिकणमाती एकदा तुडवली की तिची ताकद आणखी घटते. त्यामुळे पहिला रणगाडा गेला त्याच चाकोरीतून पाचवा जाईलच असे नाही. आपल्याकडे आवणीपूर्वी चिखलणी करतात तेव्हा शेतकरी मातीची हीच ताकद मुद्दाम मोडतो. त्याला जे हवे असते, तेच रणगाड्याला नको असते.

वाहन आणि माती यांच्या नात्याच्या या अभ्यासाचे शास्त्र झाले, ते मुख्यतः एम. जी. बेकर या मूळच्या पोलिश अभियंत्यामुळे. त्यांचा पायाभूत ग्रंथ १९५६ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने काढला. अमेरिकी सैन्याच्या डेट्रॉइट येथील प्रयोगशाळेत त्यांनी हे काम वाढवले. १९७१ साली अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर जी गाडी चालवली, तिच्या चाकांमागेही बेकर यांचे काम होते. रणगाड्यासाठी विचारलेला प्रश्न चंद्रापर्यंत पोचला, कारण त्याचे उत्तर छापले गेले आणि दुसऱ्यांना वापरता आले.

हे सारे सांगायचे कारण वेगळे आहे. विद्यापीठातले संशोधन सैन्याच्या उपयोगी यावे म्हणून आपल्या सरकारने अलीकडे बऱ्याच योजना काढल्या आहेत. संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेचा तंत्रज्ञान विकास निधी २०१६ साली सुरू झाला. एका प्रकल्पाला आधी दहा कोटी रुपयांपर्यंत मदत मिळे. २०२२ मध्ये ही मर्यादा पन्नास कोटी झाली. नव्या उद्योगांसाठी 'आयडेक्स' ही योजना २०१८ मध्ये आली. संरक्षण संशोधनाच्या तरतुदीतला पंचवीस टक्के भाग उद्योग, नवे उद्योजक आणि शिक्षणसंस्था यांना खुला करू, अशी घोषणा २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात झाली. हेतू चांगला आहे आणि पैसाही लहानसहान नाही. परंतु योजनांची घडण पाहिली की काही गोष्टी खटकतात.

पहिली गोष्ट मुदतीची. तंत्रज्ञान विकास निधीतून खर्चाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत मदत मिळते, पण प्रकल्प जास्तीत जास्त चार वर्षांत संपवावा लागतो. अर्जुनचीच कथा पाहा. प्रकल्पाला १९७४ मध्ये मंजुरी मिळाली. १५०० अश्वशक्तीचे इंजिन देशात करायचे ठरले होते, ते जमले नाही आणि रणगाड्यात जर्मन इंजिन बसवावे लागले. १५०० अश्वशक्तीच्या देशी इंजिनाची पहिली चाचणी म्हैसूरच्या कारखान्यात झाली ती २० मार्च २०२४ रोजी. मंजुरीपासून मोजले तर पन्नास वर्षे झाली. ज्वलन, उष्णतेचे वहन, धातूंची थकवा सोसण्याची क्षमता, यांचा पाया घालायला एकेक पिढी लागते. चार वर्षांत नमुना तयार होतो, पाया तयार होत नाही.

दुसरी गोष्ट वाट्याची. हा निधी उद्योगांसाठी आहे. शिक्षणसंस्था भागीदार होऊ शकते, पण एकूण कामातला तिचा वाटा चाळीस टक्क्यांच्या वर जाऊ नये, असा दंडक आहे. वस्तू बनवायची तर कारखाना हवाच, हे मान्य. पण ज्या प्रकल्पात नव्वद टक्के अडचण 'हे असे का होते' याच प्रश्नात आहे, त्यालाही हाच दंडक लागला, तर प्राध्यापक फक्त चाचणीचे दाखले देण्यापुरता उरतो.

यावर कोणी म्हणेल, दीर्घकाळच्या संशोधनासाठी वेगळी केंद्रे आहेत. खरे आहे. संरक्षण संशोधन संघटनेने आय.आय.टी., बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि काही विद्यापीठे मिळून पंधरा केंद्रे उभारली आहेत, आणि हे पाऊल योग्य दिशेचे आहे. मात्र जिल्ह्याच्या ठिकाणचे अभियांत्रिकी महाविद्यालय या रचनेत कुठे बसते? मातीची ताकद मोजायला महागडी यंत्रे लागत नाहीत. मोजणारी माणसे जागोजागी लागतात आणि ती बाराही महिने लागतात. हे काम मुंबईत बसून होणार नाही. ते इगतपुरी, पेठ, त्र्यंबकेश्वर इथल्या मुलांनीच करायचे आहे.

तिसरी गोष्ट अपयशाची. १३ मार्च २००४ रोजी अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने चालकाविना धावणाऱ्या गाड्यांची शर्यत वाळवंटात घेतली. सव्वादोनशे किलोमीटरहून अधिक अंतर होते. सर्वांत पुढे गेलेली गाडी बारा किलोमीटरसुद्धा गेली नाही. दहा लाख डॉलरचे बक्षीस कोणालाच मिळाले नाही. हे जगाने पाहिले. तरी शर्यत बंद झाली नाही, बक्षीस दुप्पट झाले. ८ ऑक्टोबर २००५ ला सुरू झालेल्या शर्यतीत पाच गाड्यांनी पूर्ण अंतर कापले आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाची गाडी पहिली आली. पहिल्या वर्षीच्या फजितीतून सगळे शिकले, कारण ती उघड्यावर झाली होती. आपल्याकडे फसलेला प्रकल्प फायलीत जातो आणि पुढचा गट तीच चूक नव्याने करतो.

अमेरिकेचे सगळेच अनुकरणीय आहे, असे मुळीच नाही. विद्यापीठांनी सैन्याच्या पैशावर फार विसंबले की कोणते प्रश्न विचारायचे हेही सैन्यच ठरवू लागते. पण त्यांच्या सैन्याने मिशिगन विद्यापीठात १९९४ मध्ये सुरू केलेले वाहन संशोधन केंद्र आजही चालू आहे, यातून एक धडा घ्यावा. तीस वर्षांत माणसे बदलली, प्रश्न बदलले, नाते टिकले. नात्याला चार वर्षांची मुदत घालता येत नाही.

आपल्याकडेही जमल्याची उदाहरणे आहेत. अहिल्यानगरच्या वाहन संशोधन आणि विकास संस्थेने टाटा समूहाबरोबर आठ चाकांचे चिलखती वाहन घडवले. त्यासाठी २०२५ च्या सप्टेंबरात मोरोक्कोमध्ये कारखानाही उघडला. याचा अभिमान जरूर वाटावा. मात्र या हकिकतीत प्रयोगशाळा आणि कारखाना ठळक दिसतात, महाविद्यालय तितके दिसत नाही.

मग काय करता येईल? प्रत्येक प्रकल्पाचा एक भाग उघडा ठेवावा. तोफेचे आणि चिलखताचे तपशील गुप्त राहू देत, पण माती, उष्णता, कंपन यांची मोजमापे काही काळाने प्रसिद्ध व्हावीत. फसलेल्या प्रकल्पाचा अहवाल छापणे हीच पुढच्या अनुदानाची अट असावी. आणि मोठ्या रकमांच्या शेजारी जिल्ह्यातल्या महाविद्यालयांसाठी लहान, पण दहा वर्षे चालणारी अनुदाने असावीत.

सैन्याच्या वाहनांशी आपला काय संबंध, असे काही शिक्षकांना वाटेल. आपल्या तालुक्यात पावसाळ्यात काही पाड्यांवरून आजारी माणसाला अजून डोलीतून न्यावे लागते, कारण रुग्णवाहिका चिखलात पुढे येत नाही. कोणत्या महिन्यात, कोणत्या वाटेवर, किती वजनाची गाडी जाईल, हे सांगणारे शास्त्र रणगाड्याचे आणि रुग्णवाहिकेचे एकच आहे. सरकारी पैशातून ते शास्त्र वाढत असेल, तर त्याचे उत्तर पाड्यापर्यंत पोचायला हवे.

सुरुवात वर्गातून करू या. एक गुळगुळीत लोखंडी सळई घ्या आणि तिच्यावर सेंटिमीटरच्या खुणा करा. ठरावीक वजन ठरावीक उंचीवरून तिच्यावर टाका आणि ती किती आत गेली ते लिहा. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत दर आठवड्याला बांधावर, खाचरात आणि पायवाटेवर हे करा. चिखलणीच्या आधी आणि नंतर जरूर करा. वहीत तारीख आणि आदला पाऊस नोंदवा. सैन्याचे अभियंतेही शंकूच्या टोकाची सळई मातीत दाबून जमिनीची ताकद मोजतात. आमच्या सातवीच्या मुलीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तिच्याच वहीत तयार होईल, आणि त्याला कोणाच्याही मंजुरीची वाट पाहावी लागणार नाही.