ताल, देह आणि रूपांतर : ‘डाँकी काँग जंगल बीट’चा पुनर्विचार

‘डाँकी काँग जंगल बीट’ हा निन्टेन्डोचा व्हिडिओ-खेळ डिसेंबर २००४ मध्ये जपानात गेमक्यूब या यंत्रासाठी प्रसिद्ध झाला. योशिआकी कोइझुमी हे त्याचे दिग्दर्शक. खेळण्याचे साधन म्हणजे बोंगो या जोडवाद्याची प्लास्टिकची प्रतिकृती. उजव्या अंगावर थापा मारल्या की नायक गोरिला उजवीकडे धावे, डाव्या अंगावर मारल्या की डावीकडे. दोन्हींवर एकदम थाप पडली की उडी. आणि टाळी वाजविली की वाद्यातील मायक्रोफोन ती टिपी व पडद्यावर ध्वनीची लाट उसळे.

या खेळास तालप्रधान म्हणताना एक भेद ध्यानी घ्यावयास हवा. येथे पूर्वनियोजित संगीताला साथ करावयाची नसते. धावणे, थबकणे, झेप घेणे यांतूनच लय निर्माण होते, आणि खेळणाऱ्याची द्विधा मनःस्थितीही हाताच्या अडखळण्यातून ऐकू येते. जमिनीला पाय न लावता कसरती साखळीने करीत गेल्यास केळ्यांचे गुण वाढत जातात. पाय टेकताच साखळी तुटते. पुन्हा हेच गुण नायकाचे प्राणही होत. गती, गुण आणि जीवित अशी एकाच थापेत गुंफली गेली आहेत.

डिसेंबर २००८ मध्ये जपानात, आणि २००९ मध्ये पाश्चात्त्य देशांत, ‘वी’ या यंत्रासाठी त्याचे रूपांतर आले. त्यात चालणे अंगठ्याखालील दांड्याकडे व उडी कळीकडे गेली. टाळी आणि प्रहार यांच्यासाठी तेवढे हातांतील साधन हलवावयाचे. हालचालींवर चालणारे म्हणून गाजलेल्या यंत्रावर येऊन या खेळातील देहाचा वाटा कमीच झाला, हा विरोधाभास दुर्लक्षिण्याजोगा नाही. जवळ वाद्य नसलेल्यांना खेळ सुलभ झाला, नेमकेपणा वाढला, हे लाभ खरेच. परंतु रूपांतरकारांना टप्प्यांची रचनाही बदलावी लागली. मूळ रचना थापेच्या मापाने बेतलेली होती. नायक हवे तेथे अचूक उभा राहू लागताच तिच्यातील अडचणी निर्जीव ठरल्या असत्या.

छंदोबद्ध रचनेचा गद्यानुवाद जसा आशय पोहोचवितो, तसे हे रूपांतर प्रसंग पोहोचविते. ते प्रामाणिक आहे, क्वचित मूळाहून सफाईदारही आहे. मात्र केवळ त्याच्या आधारे मूळ कृतीची समीक्षा करणे धोक्याचे; कारण त्यात वाद्य हे कृतीबाहेरचे उपकरण भासते, आणि २००४ च्या कृतीत ते तिच्या रूपाचाच घटक होते.