पात्यापासून बोंडापर्यंत : मराठी जीवशास्त्रीय गद्याविषयी एक विचार

मराठीत शास्त्रीय गद्य पुष्कळ लिहिले गेले. परंतु त्याची समीक्षा करण्याचा प्रघात आपल्याकडे पडला नाही. पारिभाषिक शब्द अचूक आहे की नाही, एवढे पाहून आपण थांबतो. त्या गद्यातून वाढणारा जीव वाचकास दिसतो काय, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत टिपणात तो सजीवांच्या पुनरुत्पादनाविषयीच्या लेखनास विचारावयाचा असून, उत्तरासाठी पुलगावच्या शिवारातील कपाशीचा आधार घ्यावयाचा आहे.

वर्धा नदीकाठचे पुलगाव हे कापसाचे गाव; कापडगिरणीमुळेच त्याचे नाव विदर्भात परिचित झाले. या भागातील शेतकरी कपाशीला पऱ्हाटी म्हणतो, आणि तिच्या वाढीची प्रत्येक पायरी त्याच्या बोलीत स्वतंत्र शब्दाने नोंदलेली आहे : कोंब, पाते, फूल, बोंड आणि शेवटी सरकी. पाते अकाली झडले की ती पातेगळ होय. गुलाबी बोंडअळीने पाकळ्या आतून जखडल्यामुळे जे फूल उमलू शकत नाही, ती डोमकळी. 2017 मध्ये या अळीने विदर्भात कपाशीचे मोठे नुकसान केले. डोमकळ्या वेचून नष्ट कराव्यात, असे कृषितज्ज्ञ सांगतात. म्हणजे येथे एक शब्द ओळखणे हेच रोगाचे निदान ठरते.

आता पुस्तकी परिभाषेकडे वळू. शालेय पुस्तकांत 'अंडाशय' व 'बीजांड' हे शब्द आढळतात, तर मराठी विश्वकोशात 'किंजपुट' व 'बीजक'. पहिली जोडी प्राणी व वनस्पती यांतील साम्य सुचविते, हा तिचा गुण. मात्र झाडाला अंडी कोठली, अशी शंकाही तीच उत्पन्न करते. दुसरी जोडी ही शंका टाळते, परंतु नवख्या वाचकापुढे कोणतेच चित्र उभे करीत नाही. 'अंडाशयाचे रूपांतर फळात होते' हे वाक्य शास्त्रदृष्ट्या निर्दोष आहे. तथापि त्यातील फळ म्हणजे आपले बोंड आणि त्यातील बीज म्हणजे आपली सरकी, हे कापूस वेचणाऱ्या घरातील मुलाला त्यावरून उमगेलच असे नाही. दोष शब्दाचा नव्हे, वाक्याचा आहे.

म्हणून बोलीभाषेलाच सर्वज्ञ मानावे काय? तसे मानणे भाबडेपणाचे होईल. फूल आणि बोंड या दोन शब्दांच्या मध्ये जे घडते, त्यासाठी शेतकऱ्याजवळ नाव नाही. अमेरिकन कपाशीचे फिकट पिवळसर फूल दुसऱ्या दिवशी गुलाबी होते, हे तो पाहतो. पण परागनलिका बीजकापर्यंत पोहोचून फलन होते, हे डोळ्यांस दिसत नाही. तेथे 'फलन' हा घडविलेला शब्द अपरिहार्य होय.

याहून मार्मिक उदाहरण 'फुटणे' या क्रियापदाचे. कोंब फुटतो, पालवी फुटते आणि बोंडही फुटते. जणू सर्वत्र जन्मच होत आहे. वस्तुतः कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे बीजकाच्या पृष्ठभागावरील एकेक पेशी. फूल उमलते त्याच सुमारास ती लांबू लागते, सुमारे तीन आठवडे लांबते, आणि पुढे तिच्या भित्तीवर सेल्युलोजचे थर बसतात. बोंड फुटते तेव्हा ही पेशी मेलेली व वाळलेली असते. ज्याला आपण उमलणे समजतो, ती तंतूपुरती समाप्ती असते. जिवंत राहतो तो सरकीतील गर्भ. एका क्रियापदात लपलेला हा भेद शास्त्राने उघड केला, आणि तो भेद कळण्यासाठी ते क्रियापद मात्र बोलीतूनच यावे लागले.

यास्तव शास्त्रीय गद्याची कसोटी निव्वळ शब्दकोशावर लावून भागणार नाही. ज्या वाक्यात 'किंजपुट' आणि 'बोंड' एकत्र येतात, एक दुसऱ्याचे पूर्वरूप म्हणून उभे राहते, ते वाक्य चांगले. असे वाक्य लिहिण्यास नवी परिभाषा लागत नाही. लेखकाने शेताच्या बांधावर थोडा वेळ थांबणे लागते. तसे न झाल्यास पुलगावचा विद्यार्थी वाढीचे शास्त्र पाठ करील, आणि घरामागची पऱ्हाटी मात्र त्या शास्त्राबाहेरच राहील.