‘रोजचे जगणे’: एका व्याख्येचे वाचन

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत संशोधनातील जोखमीच्या चार पायऱ्या आहेत. त्यांतल्या ‘किमान जोखमी’पाशी मी दर वेळी अडखळतो. सरासरी निरोगी माणसाला किंवा सर्वसाधारण लोकसंख्येला रोजच्या जगण्यात असतो त्याहून अधिक नसलेला धोका तो किमान, असा तिचा आशय. वाक्य निर्मळ दिसते. पण हा सरासरी माणूस कुणी पाहिला आहे? समितीतला प्रत्येक सभासद तिथे नकळत आपलाच दिनक्रम बसवतो.

मग ज्याच्यावर अभ्यास करायचा त्याचेच जगणे मोजपट्टी धरावे का? तसे केले तर ऊसतोडणी करणाऱ्या बाईच्या बाबतीत कोयत्याइतका धोकाही ‘किमान’ ठरेल.

शब्दांचा कीस वाटेल, म्हणून एक खटला सांगतो. १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात केनेडी क्रीगर इन्स्टिट्यूटने शिसेयुक्त रंगाच्या जुन्या घरांचा अभ्यास केला. शिसे पूर्ण काढणे महाग, तेव्हा स्वस्तातली अर्धवट दुरुस्ती कितपत पुरते हे पाहायचे होते. घरांत लहान मुलांची कुटुंबे राहत होती आणि मोजायचे होते मुलांच्या रक्तातले शिसे. बचाव असा, की त्या वस्तीतली इतर घरे याहून वाईटच. भयंकर हे, की बचाव खोटा नव्हता.

२००१मध्ये मेरिलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्राइम्स खटल्यात या अभ्यासाची तुलना टस्कीगीशी केली. उपचाराचा हेतू नसलेल्या अभ्यासात मुलाला ‘कोणतीही’ जोखीम पत्करायला लावणारी संमती आईबापही देऊ शकत नाहीत, असे म्हटले. पुढे खुलासा आला: कोणतीही म्हणजे कुठल्याही कामात असतेच त्या किमान जोखमीपलीकडची. फिरून त्याच शब्दापाशी!

आयसीएमआरने ‘सर्वसाधारण’ म्हणून बाल्टिमोरची वाट बंद केली, हे श्रेय द्यायलाच हवे. उणीव वेगळी आहे. साधी विचारपूस आपल्याकडे सहसा किमान जोखमीतच धरली जाते. जागतिक आरोग्य संघटनेची घरगुती हिंसेवरील संशोधनाची २००१ची तत्त्वे मात्र सांगतात: एका घरातल्या एकाच बाईला विचारा, एकांतात विचारा, कुणी आत आले तर विषय बदला. हे लिहिणाऱ्यांनी नवरा घरी परतण्याची वेळ लक्षात घेतलेली आहे. आपल्या समित्यांनीही ‘किमान’ या खुणेपुढे निदान तेवढे लिहून मागावे: प्रश्न कुठे बसून विचारणार, त्या वेळी घरात कोण असेल, आणि माणसे निघून गेल्यावर त्या बाईचे काय होईल.